छगनच्या व्हॅनची मागची सीट

छगन गाडेकरनं सत्त्याण्णव साली नाशिकच्या एका डॉक्टरची जुनी मारुती व्हॅन घेतली, तेव्हा गावानं त्याला वेड्यात काढलं. मागचं दार फक्त बाहेरून उघडायचं, आणि चंदनापुरीच्या घाटात इंजिन इतकं तापायचं की पुढच्या सीटवरचा माणूस बूड उचलून बसायचा. पण छगन तिच्यातून रोज अकरा पोरं संगमनेरच्या शाळेत नेऊ लागला, स्वतःची दीपा धरून, आणि नावं ठेवणारेच 'आमचीबी घे' म्हणत दारात आले. त्या फेरीवर त्याचं घर चाललं होतं.

श्रावणात शेजारच्या कारभारीची आई चांगुणाबाई संगमनेरला दवाखान्यात होती. पोरं शाळेत सोडून छगन तिला आणायला गेला. "डॉक्टरनं घरी न्यायला सांगितलंय," कारभारी म्हणाला. म्हातारीला मागच्या सीटवर निजवलं, डोकं लेकाच्या मांडीवर, सलाईनची बाटली वरच्या कडीला.

अर्ध्या घाटात गाडी तापली. पुढची सीट उचलून इंजिन गार होऊ देताना छगनची नजर बाटलीवर गेली. थेंब पडत नव्हता.

"कधी गेल्या?"

"दवाखान्यातच. मी च्याला गेल्तो." कारभारी मान वर करेना. "मढं म्हनलं की कुनी गाडी देत न्हाई, म्हून बोललो न्हाई."

छगनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण दीपा झाली तेव्हा याच म्हातारीनं महिनाभर तिला न्हाऊमाखू घातलं होतं. त्यानं पुढची सीट पाडली आणि गाडी सुरू केली.

आता गावाची समजूत अशी, की मढं वाहिलेली गाडी धुतली, गोमूत्र शिंपडलं की चालते. पण जिच्यात जीव गेला, तिच्यात लेकरं बसवायची नाहीत. याला शास्त्र कुठलं, ते गावालाच ठाऊक.

सावडायच्या दिवशी कारभारीची थोरली बहीण बनुबाई चार माणसांत भावावर उसळली. "माझी आई एकलीच मेली का रं? तू कुठं हुतास?" कारभारी राखेतून अस्थी वेचत राहिला. मग ती छगनकडं वळली. "तू हुता ना? तू सांग."

छगनच्या डोळ्यांपुढं अकरा दप्तरं उभी राहिली. त्यानं कारभारीकडं पाहिलं. तीन दिवसांत माणूस निम्मा झाला होता.

"गाडीत गेल्या, अक्का. घाटात. लेकाच्या मांडीवर मान हुती. त्यानंच पानी पाजलं."

बनुबाई भावाच्या गळ्यात पडून रडली.

घरी आल्यावर रतन, छगनची बायको, ताटकळतच बसली होती. तिला खरं माहीत होतं, आणि सावडण्यातलं बोलणं त्याच्याआधीच घरी पोचलं होतं. "खरं बोलाया काय झालं हुतं?"

"जल्मभर खाल्लं असतं तिनं त्याला."

"आन आता आपन काय खायाचं?"



सोमवारी तो दारोदार हॉर्न वाजवत फिरला. कुठं पोरगं आजारी, कुठं 'यष्टीनं जाईल'. शेवटी कारभारीचं दार. त्याची माधुरी दप्तर घेऊन निघाली होती. बापानं तिला दंडाला धरून मागं ओढलं.

"छगन, तुझं उपकार फिटायचं न्हाईत. पन पोरगी भिती रं. आई गेली ना त्या सीटवर."

हे तो इतक्या साधेपणानं बोलला, की छगनला क्षणभर आपणच चुकतोय असं वाटलं. त्यानं मागचं दार ओढायला हात घातला. आत एकटी दीपा दाराला चिकटून बसली होती.

"आण्णा, मी पुढं बसू?"

लेकरू कुठंतरी बोलून जाईल म्हणून तिलाही त्यानं खरं सांगितलं नाही. तिला उतरवून घेतलं आणि पुढच्या सीटवर गोधडीची घडी घालून दिली, घाटात चटका बसू नये म्हणून.