तिसऱ्या गिअरमधली अक्का

अक्का हॉर्न वाजवत नसे. महाडच्या बाजारात भाजीच्या हातगाड्या, रिक्षा आणि मोकाट गाई यांच्या मधून ती आमची जुनी अँबेसिडर अशी काढायची, की शेजारी बसून माझ्याच तळव्यांना घाम फुटायचा. मी म्हणायचो, "अगं, वाजव की जरा." ती समोरून नजर न काढता म्हणायची, "हॉर्न वाजवायची वेळ आली, म्हणजे आपल्याला उशिरा दिसलं." आणि मग गाय हलेपर्यंत शांतपणे थांबायची.

अक्का माझी थोरली बहीण. मुलींच्या शाळेत तिने आयुष्यभर भूगोल शिकवला. आमच्या गल्लीत लहानथोर सगळे तिला अक्काच म्हणत. वडील लवकर गेले, तेव्हा मी शाळेत होतो आणि ती नुकती नोकरीला लागली होती. माझं शिक्षण, पुढे माझं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, माझं लग्न, हे सगळं तिनेच उभं केलं. तिचं स्वतःचं लग्न त्या गडबडीत राहून गेलं. त्याबद्दल कुणी हळहळायला लागलं, की ती लगेच चहा टाकायला उठायची. तिला जाऊन आता वर्ष झालं.

गाडी वडिलांची. स्टिअरिंगजवळ गिअरचा दांडा असलेली, जाड पत्र्याची, मलईच्या रंगाची. वडिलांनीच अक्काला सावित्रीच्या कोरड्या पात्रात गाडी शिकवली होती. गाडीत बसताना ती चपला काढून मागे ठेवायची. "चपलेतून गाडीचं काही कळत नाही," म्हणायची. क्लचवर तिचा अनवाणी पाय इतका हलका पडायचा, की गिअर बदललेला आवाजावरूनच कळे, धक्का कधी बसत नसे. मी गाड्यांची हत्यारं हातात धरून वाढलो, पण चालवायला बसलो की तीच गाडी माझ्या हातात खोकायची. त्यामुळे आमच्यात न बोलता ठरून गेलं होतं. गाडी मी दुरुस्त करायची, चालवायची तिने.

महापुरात सावित्रीचं पाणी आमच्या शेडमध्ये शिरलं आणि गाडी टपापर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर शेडचं दार उघडलं, तेव्हा आत चिखलाचं एक मोठं ढेकूळ उभं होतं. मला रडू आलं. अक्काने आत डोकावून पाहिलं आणि दार परत लावून घेतलं. "आधी माणसांची घरं," म्हणाली. चार दिवस ती गल्लीतल्या घरांमधला चिखल उपसत होती. मग एका सकाळी साडी खोचून, बादली घेऊन शेडमध्ये आली. भंगारवाला दारात येऊनच उभा होता. तिने त्याला चहा दिला आणि रिकाम्या हाताने परत पाठवलं.

दोन हिवाळे गेले त्या गाडीत. मी इंजिन उतरवलं, तिने एकेक नट रॉकेलमध्ये धुतला. सीटच्या स्प्रिंगांमधला चिखल ती जुन्या टूथब्रशने काढायची. मध्येच मी वैतागून पाना फेकला, की ती तो उचलून पुसायची आणि माझ्या हाताजवळ ठेवायची. पहिल्यांदा इंजिन सुरू झालं, तेव्हा सायलेन्सरमधून गढूळ पाण्याची चूळ बाहेर पडली. अक्का शाळकरी पोरीसारखी टाळ्या वाजवत होती.

शर्यत आमच्या दारात चालून आली. पुण्याकडची काही हौशी मंडळी जुन्या गाड्या घेऊन गोव्याकडे निघाली होती. त्यांच्यातल्या एकाचा फॅनबेल्ट तुटला, म्हणून ती माझ्या दुकानाशी थांबली. आमची गाडी पाहून त्यांचे डोळे चमकले. बोगद्यातून रहदारी सुरू झाल्यापासून कशेडीचा जुना घाट ओस पडला होता. तिथे परवानगी काढून एक सकाळ रस्ता बंद करायचा आणि जुन्या गाड्यांची घाट चढण्याची शर्यत लावायची, असा त्यांचा बेत होता. एकेक गाडी एकटी सोडायची, वेळ मोजायची, प्रत्येकाला दोन फेऱ्या. त्यांनी मला विचारलं, "तुम्ही येणार का?" माझ्या आधी दुकानात बसलेली अक्का म्हणाली, "येणार."

ही बातमी पोलादपूरकडे आमच्या गावी पोचली. काकी हातातलं काम टाकून बोलली, "या वयात शर्यत लावतेस व्हय गो? येडी हायस काय? हातपाय मोडून घेशील!"

"मोडले तर तुझ्याकडेच येऊन पडेन, काकी. भाकरी तुझ्या हातचीच आवडते मला."

शर्यतीच्या आधी अक्काने अख्खा घाट पायी चालून काढला. मी मागून गाडी घेऊन. प्रत्येक वळणावर ती थांबायची, वाकून रस्त्यावर हात फिरवायची, पावसाळ्यात दरड कुठून आली होती ते बघायची. एका वळणाच्या आतल्या कडेला डोंगरातून पाणी झिरपत होतं. तिथे ती बराच वेळ उभी राहिली. मी म्हटलं, "इतकं काय बघतेस?" ती म्हणाली, "मुलींना इतकी वर्षं हा डोंगर फळ्यावर काढून दाखवला. कधी हात लावून बघितला नव्हता."

शर्यतीच्या सकाळी पुण्याच्या गाड्या आरशासारख्या चकाकत होत्या. अक्काने अंबाड्यावरून हेल्मेट घालायचा प्रयत्न केला, ते बसेना, म्हणून सगळ्यांसमोर अंबाडा सोडून वेणी घातली. दोन-तीन तरुण हसले. तीही हसली. मी तिच्या शेजारी बसलो आणि पहिली फेरी आम्ही व्यवस्थित पूर्ण केली. वेळ बेताची, पण गाडी धड वर पोचली, मला तेवढं पुरे होतं. खाली परत आल्यावर मी तसं म्हटलं. ती मान हलवत म्हणाली, "नाही रे बाबू. मी घाबरून चालवली."

दुसऱ्या फेरीत, दोन वळणं मागे पडल्यावर सरळ चढ लागला. तिने तिसरा गिअर टाकला. पुढचं वळण आलं, तिने दुसऱ्यावर यायला दांडा ओढला, आणि दांडा हललाच नाही. पुन्हा ओढला. घरातलं दूध संपलंय हे सांगावं तशा आवाजात ती म्हणाली, "गिअर अडकला."

मी ओरडलो, "थांब! बॉनेट उघडून सोडवतो!"

"इथे थांबले तर तिसऱ्यात परत उचलणार नाही. तू माझ्याकडे सरक. दरवाज्याला टेकू नकोस."

पुढे काय करायचं ते तिच्या डोक्यात तेवढ्यात ठरलं होतं. गाडीचा वेग पडला, की इंजिन दम सोडणार. म्हणजे वळणावर वेग कमी करायचाच नाही. रस्ता समोरून मोकळा होता. ती गाडी पार पलीकडच्या कडेला नेई, तिथून वळणाच्या पोटात घुसे आणि पुन्हा बाहेर फेकल्यासारखी सरळ रस्त्यावर आणे. टायर किंचाळत होते. मागच्या सीटवरची पाण्याची बाटली या दारावरून त्या दारावर आदळत होती. मी तिच्या खांद्याला चिकटलो होतो. तिचा तो अनवाणी पाय मला दिसत होता, आणि तो एकदाही उचलला गेला नाही. पाणी झिरपणारं वळण आलं, तशी ती आत घुसलीच नाही, बाहेरच्या कोरड्या पट्ट्यावर राहिली. माझ्या खिडकीखाली नुसती दरी होती. इंजिन थरथरलं, दबलं, आता बंद पडणार असं वाटलं, आणि कण्हत कण्हत पुन्हा उचललं. मी आयुष्यभर तिच्या जिवावर जगत आलो होतो. ते म्हणजे नेमकं काय, ते मला त्या वळणावर दिसलं.

आमच्या गटात ती पहिली आली. सकाळी हसलेला एक तरुण धावत आला. "मावशी, ते वळण एवढ्या वेगात कसं घेतलंत? आम्हाला तर ब्रेक मारावाच लागला."

अक्का म्हणाली, "हळू जायची सोयच नव्हती."

सगळे हसले. त्यांना तो विनोद वाटला. ती गाडीतून उतरली, ती मात्र माझा खांदा घट्ट धरूनच. गावाकडच्या बोलीत, मला एकट्याला ऐकू येईल असं पुटपुटली, "भ्या वाटलं रे बाबू. लय भ्या वाटलं." बक्षिसाचा चषक तिने स्वयंपाकघरात ठेवला. त्यात पळ्या आणि झारे छान उभे राहतात, म्हणाली.

त्यानंतर वर्षभरातली गोष्ट. संध्याकाळी आम्ही चवदार तळ्याकडून बाजाराकडे वळत होतो. डावीकडून सायकलवर एक शाळकरी मुलगी आली. मी "अक्का!" म्हणून ओरडलो, तिने ब्रेक दाबला, मुलगी आपल्याच नादात पुढे निघून गेली. तिला काही कळलंही नाही. अक्काने गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

"कुठून आली ती?"

"समोरच होती, अक्का."

"मला नाही दिसली."

तिची नजर अलीकडे अधू होत चालली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी जपून चालवायला सांगितलं होतं, बंद करा म्हणाले नव्हते.  ती उतरली, गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आली, दार उघडलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. "सरक तिकडे," एवढंच म्हणाली. त्यानंतर ती स्टिअरिंगवर कधीच बसली नाही. मी, माझी बायको, पुण्याची ती मंडळी, सगळ्यांनी समजावलं. काही झालं का? नाही ना? ती ऐकून घ्यायची आणि विषय बदलायची.

पण त्या संध्याकाळच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी ती मला दुकानातून उठवून शाळेच्या फाटकाशी घेऊन गेली. "ती मुलगी तूच दाखव. मी तिला पाहिलेलीच नाही." शाळा सुटली. गर्दीतून ती मुलगी सायकल हातात धरून बाहेर आली. मी बोट दाखवलं. अक्का तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"बाळा, काल संध्याकाळी तळ्याजवळ माझी गाडी तुझ्या अंगावर येत होती. तू मला दिसली नाहीस. चूक माझी होती. मी आता गाडी चालवणं सोडलंय."

मुलगी गोंधळली. कधी माझ्याकडे बघे, कधी अक्काकडे. "पन आजी, मला काय झालंच नाय."

"म्हणून तर सांगायला आले," अक्का म्हणाली. "झालं असतं, तर चूक कुणाची ते सगळ्यांनीच सांगितलं असतं."