माय जेवूनच निघाली

आमच्या घरी बाहेर जाणं म्हणजे कामाला जाणं. त्याला दुसराही अर्थ असतो हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. रामटेकच्या पलीकडच्या आमच्या गावात दीड एकर धानाचं वावर होतं, त्यात चार पोटं भरत नसत. म्हणून माय पावसाळ्यात दुसऱ्यांच्या बांधीत धानाच्या रोवण्याला जायची आणि उन्हाळ्यात झुंजुमुंजू व्हायच्या आधी विडीसाठी तेंदूची पानं तोडायला जंगलात. आम्ही दोघी बहिणी मग दुपारभर त्या पानांचे पुडे बांधत बसायचो. सातवीत शाळेची सहल नागपूरला निघाली, तिथली मोठी बाग पाहायला. मी घरी विचारलं तर माय म्हणाली, "झाडं पाहाले नागपूरले काहून जा लागते वं? मांगच्या दारी जाय ना." सगळे हसले. मीही हसले. मला घालायला धड फ्रॉक नव्हता, हे ती बोलली नाही.

पुढे मी बी.कॉम. झाले. आमच्या घराण्यातली पहिली. हे मी कोणी न विचारताही सांगते, मला त्याची लाज वाटत नाही. आता नागपुरात, नंदनवन भागात आमचं दोन खोल्यांचं घर आहे. मी सरकारी कार्यालयात कारकून, नवरा हिंगण्याच्या कारखान्यात. पोरगी सहावीत, पोरगा दुसरीत. बाबा गेल्यावर मायला मी आमच्याकडे आणलं.

दोन वर्षांपूर्वी तिला मोतीबिंदू झाला. ऑपरेशनचं नाव काढलं की ती गावच्या बसमध्ये जाऊन बसायची. मग मी माझं शिकलेलं डोकं चालवलं. एका सकाळी म्हटलं, माय, देवळात जाऊ, काही खाऊ नको. रक्त उपाशीपोटी तपासायचं होतं ना! ऑटो थांबला तो दवाखान्यापुढे. ऑपरेशन चांगलं झालं, आता ती सुईत दोरा ओवते. पण डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर माझ्याकडे पाहून पहिलं बोलली ते असं, "दिसून राहिली तू मले. चांगली दिसून राहिली." त्यानंतर माझ्यासोबत भाजी आणायला जायचं असलं तरी ती आधी विचारायची, कोणत्या रस्त्यानं?

या हिवाळ्यात पोरांनी बागेचा हट्ट धरला. शाळेत झाडांची वही करायची होती. मी शनिवार ठरवला, नवऱ्यानं रजा टाकली. आणि खरं सांगायचं तर, त्याच दुपारी चारचा हाडांच्या डॉक्टरचा नंबर मी गुपचूप लावून ठेवला. मायचे गुडघे जिना चढू देत नव्हते. दवाखाना परतीच्याच रस्त्यावर होता. मला वाटलं, दिवसभर खूश राहील, येता येता दाखवून घेऊ. मागच्या वेळी जमलं होतं, आताही जमेल.

सोमवारी मी जाहीर केलं. माय तांदूळ निवडत होती.

"कोठी?"

"बागेत."

"काय कराले?"

"काही नाही. झाडं पाहाले."

तिनं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी कोणाची तरी कोंबडी पदराखाली लपवली आहे.

मंगळवारी तिनं पोराला गाठलं. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. "खरं सांग बापा, तुही मम्मी कोठी नेऊन राहिली मले?"

"बागेत, आजी. तिथं तळं आहे."

"दवाखाना आहे का तिथं?"

पोरगं प्रामाणिक. म्हणालं, "माहीत नाही."

झालं. बुधवारी तिनं शेजारणीला विचारलं, त्या बागेच्या आजूबाजूला काय काय आहे. गुरुवारी नवऱ्याला. तो बिचारा जेवत होता. "जावईबापू, तुमी खोटं बोलत नाही म्हणून पुसतो." त्याला नंबराचं ठाऊकच नव्हतं, म्हणून तो छातीठोक म्हणाला, "बागच आहे, मामी." शुक्रवारी माय एकदम म्हणाली, "चला मंग, येतो मी." आता संशय मला आला. माझी माय इतक्या सहज मानत नाही. रात्री मी तिच्या गुडघ्यांच्या जुन्या एक्स-रेचं मोठं पाकीट सतरंजीत गुंडाळलं आणि सतरंजी दाराशी ठेवली.

शनिवारी सकाळी सगळे तयार झाले. माय भाकरीचा डबा उघडायला गेली तशी मी बोलून गेले, "आता काही खाऊ नको वं माय, तिकडंच तर्री-पोहे खाऊ."

तिचा हात झाकणावरच थांबला.

"उपाशी काहून नेऊन राहिली मले?"

"अवं, तसं नाही..."

ती दाराशी गेली. सतरंजी उचलली आणि अंगणात नेऊन झटकली. कुठंही अंथरायच्या आधी सतरंजी झटकायची, ही तिची जन्माची सवय. मीच विसरले. पाकीट पायरीवर पडलं. तिला वाचता येत नाही, पण ते पाकीट ती ओळखत होती, तिच्याच गुडघ्यांचं होतं. ती उंबऱ्यावर बसली.

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. "मले तं सांगाचं होतं. मी मामीले काय तोंड दाखवू आता?"

पोरगी म्हणाली, "मम्मी, तू आजीला फसवलंस?"

माय शांतपणे म्हणाली, "तुमी लोकं पाट्या वाचता. मी तुमच्या मांगं मांगं येतो. मंग जिकडं नेलं तिकडं. शिकली तू, मले बरंच वाटलं. पण माह्याशी खोटं बोलाले शिकली का तिथं?"

मी म्हटलं, "चुकलं माय. चारचा नंबर आहे. आता काढून टाकतो."

"कर फोन. स्पीकर लाव."

मी लावला. तिकडून बाई म्हणाली, "कॅन्सल करते. पुढची तारीख देऊ का?" मी मायकडे पाहिलं.

"तिले म्हण, आमी पाहू," माय म्हणाली. "आमी. तू एकटी नाही."

फोन ठेवल्यावर ती उठली, डबा उघडला आणि आम्हा सगळ्यांच्या देखत दोन भाकरी ठेच्यासोबत खाल्ल्या. आम्ही चपला घालून उभे. पाणी पिऊन ती म्हणाली, "आता पोट भरलं. आता कोणी कापत नाही. चला." पाकीट तिनं स्वतः आत नेऊन कपाटात ठेवलं, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

तरी ऑटोत ती प्रत्येक चौकात विचारत होती, हा रस्ता कोठी जाते. बागेच्या फाटकावरच्या चौकीदारालाही सोडलं नाही. "इथं दवाखाना आहे का गा?"

"नाही मावशी, संडास आहे."

"बरं."

आत गेल्यावर पोरगी एकेका झाडाची पाटी वाचून वहीत लिहू लागली. एका झाडाशी माय आमच्या पुढे जाऊन थांबली. पोरगी धावत गेली, वाचलं, "तेंदू."

"पाटी काहून लावली?" माय म्हणाली. "पानावरून दिसत नाही का?" तिनं पान बोटात धरलं, तोडलं नाही. मग मला म्हणाली, "कोणी तोडाले येत नाही इथं?"

"नाही."

"मंग हे कोणाच्या कामाचं?"

"पाहाच्या कामाचं."

ती हूं म्हणाली. पटलेलं दिसत नव्हतं. सतरंजी अंथरल्यावर तिनं पाय लांब केले आणि पोरांना पानांवरून झाडं सांगत बसली. पोरगा चुकला की त्याच्या पाठीत हलका धपाटा. अडीचनंतर मात्र ती दर थोड्या वेळानं जावयाला विचारायची, "किती वाजले?" साडेतीनला निघालो. त्या दवाखान्याच्या चौकात लाल दिवा होता. तिनं कमरेची किल्ली मुठीत धरली आणि माझ्याकडे पाहत राहिली. मीही नजर वळवली नाही. दिवा हिरवा झाला.

त्या शनिवारी आम्ही बागेत साडेचार तास होतो, आणि तिथून सरळ घरी आलो.