लांब कापलेलं मूळ

कांद्याच्या मुळाचं फक्त टोक कापायचं, कारण पेशी तिथंच विभागतात. वरचं मूळ आमच्या प्रयोगशाळेत नेहमी कचऱ्यात जातं. आज परिचर शिंदेमामांनी चांगलं नखाएवढं लांब कापून काचेवर ठेवलं. "मामा, हे काय?" मी करवादले. पण मुलं येण्याची वेळ झाली होती, म्हणून तसंच रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं.

आणि सहज काच सरकवली. अहाहा! टोकाच्या पेशींत रंग न लागलेले इवले थेंब. जरा वर तेच एकमेकांत मिसळलेले. आणखी वर प्रत्येक पेशीत एकच थोरला थेंब, बाकी सगळा संसार भिंतीला चिकटलेला! हीच ती रिक्तिका, पाण्यानं फुगून पेशीला ताणत वाढवणारी पिशवी. इतकी वर्षं मी ती फळ्यावर एकदम पूर्ण काढत आले. घडताना कधी पाहिलीच नव्हती. रिक्तिका काढून घेतली तरी तगलेली पेशी ती पुन्हा घडवते म्हणे. खिडकीबाहेरचा शेवगा बघता बघता कौलांच्या वर गेला, तो या थेंबांच्याच जोरावर की!

"मामा, लवकर या, बघा!"

मामा हात पुसत थबकले. वीस वर्षं ही भिंगं त्यांनीच पुसली. त्यातून बघायला त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. मीसुद्धा नाही. एक डोळा मिटून ते बराच वेळ वाकून राहिले. मग हळूच म्हणाले, "मॅडम, उद्यापण लांबच कापू ना?"