यंदा माती टाकू नका

बाबूभाऊ कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीची विचारपूस करायचे, मग माणसांची. चपला काढायच्या आधीच बोटांच्या हाडांनी भिंतीवर ठोकायचे, कान लावायचे आणि तोंड गंभीर करून सांगायचे, "ठीक हाय." किंवा मग, "बोलायली." भिंत बोलायली म्हणजे आतून पोकळ व्हायला लागली. घरात लग्न असो की मयत, हा कार्यक्रम कधी चुकला नाही. माझ्या पिठाच्या गिरणीत मात्र त्यांची पंचाईत व्हायची, कारण पट्ट्याच्या आवाजात भिंतीचं काही ऐकू यायचं नाही. "वहिनी, जरा बंद करा तुमचा कारखाना," म्हणायचे. मी बंद करायची आणि गिऱ्हाईक माझ्यावर कुरकुरायचं.

तरुणपणी ते गवंडी होते, पुढे आमच्या प्रभागाचे नगरसेवक झाले. आमचं गाव परभणी जिल्ह्यातलं, तालुक्याचं. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली तेव्हा पाटी बदलली, नाल्या त्याच राहिल्या. आमच्या गल्लीत अजून माळवदाची घरं आहेत. जाड मातीच्या भिंती, लाकडाच्या तुळया, वर फळ्या आणि त्यांच्यावर मातीचा थर. दर वर्षी मृगाच्या आधी गढीची पांढरी माती आणायची, टोपल्यांनी वर चढवायची, पाणी मारून चोपायची. बायकांच्या कमरा मोडायच्या, पण पावसाळाभर घर बिनघोर असायचं.

मग घरकुलाची योजना आली. पैसा कसा वाटतात ते मला बाबूभाऊंनीच समजावून सांगितलं. गिरणीच्या पेटीवर सांडलेल्या पिठात त्यांनी बोटानं मोठं वर्तुळ काढलं. "हे वरून आलेलं. ह्यातून जिल्ह्याला एवढं." आत छोटं वर्तुळ. "जिल्ह्यात गावं किती? आपल्या गावाला ही चिमूट. अन् ह्या चिमटीवर सगळे प्रभाग टपून बसलेले."

"मग आधी कुणाला?" मी विचारलं.

"ज्याचं घर पडायला आलं त्याला. पण नुसतं सांगून भागत न्हाई. पाहणीला येणाऱ्या साहेबाच्या फोटोत दिसाया पाहिजे."

एवढं बोलून ते गल्लीत फिरले आणि दारोदार एकच सांगत सुटले, "यंदा माती टाकू नका. माती टाकली की माळवद चोपडं दिसतं. साहेब म्हणल, हे तर आणखी धा वर्सं टिकल. घर पाडायचंच हाय तर माती कशाला वाया घालायलाव?" बोलणं पटण्यासारखं होतं. शिवाय टोपल्या वाहण्यातून सुटका होणार, म्हणून बायका जरा जास्तच लवकर पटल्या. मीसुद्धा त्यांच्यातलीच.

पटलं नाही ते एकटीला, त्यांच्या बहिणीला. अनसूयाबाई विधवा, शेरडं पाळायची. तिचं घर माझ्या गिरणीला लागूनच. ती दारात उभी राहून म्हणाली, "दादा, पाऊस काय साहेबाला इचारून पडतो का?"

"एक पावसाळा कळ काढ. पुढच्या दिवाळीला स्लॅबखाली बसशील."

"एक पावसाळा कळ काढा" हे पुढे त्यांचं पालुपदच झालं. ते खोटं बोलत नव्हते, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. बहिणीला पक्कं घर मिळावं म्हणून हा माणूस रोज नगरपंचायतीच्या पायऱ्या झिजवत होता. गवंडी असताना त्यांनी अर्ध्या गावाची घरं बांधली आणि सख्खी बहीण मातीखाली राहिली, हे त्यांना फार लागत असे. तिचं नाव पहिलं लागावं म्हणून तिचंच माळवद सगळ्यांत वाईट दिसायला हवं होतं, आणि ते तसं दिसायलाही लागलं.

पहिल्या पावसाळ्यात घरं ठिबकली. आम्ही पातेली मांडली आणि हसण्यावारी नेलं. वर्षभरानं पैसा आला, पण तो दुसऱ्या प्रभागाला गेला. त्यांच्या भिंती फोटोत आमच्यापेक्षा भयंकर दिसल्या म्हणे. बाबूभाऊ सभेतून आले ते लालबुंद होऊन. मला वाटलं, आता तरी म्हणतील की टाका माती. ते म्हणाले, "औंदाबी न्हाई. साहेब परत बघायला येणार हाय. वर नवी माती दिसली तर नाव कटतंय."

त्या वर्षी अनसूयाबाईच्या माळवदावर गुडघाभर गवत उगवलं. एक शेळी मागच्या उकिरड्यावरून उडी मारून वर चढली आणि चरत बसली. सगळी गल्ली हसली, अनसूयाबाई तर पदर तोंडाला लावून हसली. बाबूभाऊ हसले नाहीत. "तिला उतरवा आधी," एवढंच म्हणाले, आणि शेळी खाली येईपर्यंत त्यांची नजर शेळीवर नव्हती, तुळईच्या टोकावर होती.

त्यानंतर त्यांच्यात एक बदल झाला, तो पहिल्यांदा मला दिसला. बहिणीच्या घरी गेले की ते भिंतीला हात लावीनात. दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. मी एकदा चेष्टेनं विचारलं, "काय म्हणते भिंत?"

"गप हाय," ते म्हणाले.

हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात आभाळ लवकर भरून आलं. बाबूभाऊ सकाळीच नगरपंचायतीत गेले आणि लगेच परतले. "निधी आला न्हाई. आला की कळवतो म्हणले," असं मला सांगून ते आभाळाकडे बघत गिरणीच्या पायरीवर बसले. मग उठले आणि गढीची पांढरी माती घेऊन आले, ट्रॅक्टरची ट्रॉली भरून. अनसूयाबाईला म्हणाले, "शेरडं घे अन् वहिनीच्या गिरणीत जाऊन बस."

"माझ्यानं टोपल्या होतेत अजून. मी देते खालून."

"कुणी यायचं न्हाई. वर मी एकटाच जाईन."

घरात त्यांनी तुळयांना टेकू दिले होते. गवंड्याचा हात होता तो. कुजलेल्या लाकडावर ओल्या मातीचा भार किती होतो, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. आणि माती टाकली नाही तर पहिल्याच मोठ्या पावसात काय होणार, हेही त्यांना ठाऊक होतं. मी म्हणाले, "भाऊ, तिला राहू द्या की माझ्याकडे पावसाळाभर." ते म्हणाले, "घर सोडलं तर म्हणतील, हितं कुणी राहतच न्हाई. मग नाव ऱ्हाईल का तिचं?" नियम तसाच होता.

शिडी लावायच्या आधी ते गिरणीच्या दारात आले. "वहिनी, जरा बंद करा."

मी बटण दाबलं. पट्टा थांबला. अनसूयाबाई शेरडांना कवटाळून बसली होती. पलीकडून भिंतीवर ठोकल्याचा आवाज आला, मग थोडं पुढे, मग आणखी पुढे. ते काय ऐकत होते कोण जाणे. मग शिडी करकरली. पहिली टोपली वर पडली, दुसरी पडली. माती चोपल्याचा ओळखीचा आवाज सुरू झाला आणि मला उगीच बरं वाटलं. मग तो थांबला. एक लांब कुरकुर आली, आणि गिरणीच्या भिंतीवरचं सगळं पीठ खाली झडलं.

माणसं धावली. अनसूयाबाई उठलीच नाही. "दादा, दादा" म्हणत तिथंच बसून राहिली.

पाऊस सरल्यावर निधी आला. आमच्या प्रभागाला, आणि पहिलं नाव अनसूयाबाईचं. साहेब आले, मोकळ्या जागेचा फोटो काढला. पहिल्या हप्त्यासाठी जुनं घर पाडलेलं असावं लागतं, ते इथं आधीच पडलेलं होतं. साहेब म्हणाले, "बाकीच्यांनी पण पाडून ठेवा, म्हणजे उशीर होणार नाही." अनसूयाबाई आता स्लॅबखाली राहते. शेरडं विकली तिनं. मी हाक मारली तरच बोलते.

बाकीच्यांत माझं घर आहे. मृग जवळ आलाय. बाबूभाऊंच्या जागी आलेला नवीन नगरसेवक तरुण आहे, गोड बोलतो. परवा गिरणीत येऊन म्हणाला, "काकू, यंदा एवढी माती टाकू नका. पुढची यादी आपलीच."

तो गेल्यावर मी गिरणी बंद केली, घरात गेले आणि तुळईखालच्या भिंतीवर बोटांच्या हाडांनी ठोकलं. त्यातलं मला काही कळत नाही. मागं वळून बघते तर गल्लीतल्या बायका दारात गोळा झालेल्या. कुणी आत येईना.

"काय म्हणायली?" त्यांच्यातल्या एकीनं हळूच विचारलं.