मोठ्या टीचर, धाकट्या टीचर

मोठ्या टीचर पोरांचा वास घ्यायच्या. देवळाली प्रवरात चर्चच्या आवारात आमची बालवाडी, आणि रोज सकाळी त्या फाटकातच खुर्ची टाकून बसलेल्या असायच्या. येईल त्या पोराला जवळ ओढायचं, डोकं हुंगायचं, जीभ काढायला लावायची, तळहात उलटेपालटे करून बघायचे आणि मग आत सोडायचं. "ह्याला संध्याकाळपातुर ताप येनार, घरी न्या," असं एखाद्या आईला सांगून मोकळ्या. ताप यायचा तेव्हा त्याची गावभर चर्चा व्हायची. यायचा नाही तेव्हा लोक म्हणायचे, टीचरनी वेळेवर घरी धाडलं म्हणून टळला. म्हणजे दोन्हीकडून कौतुक त्यांचंच. मीही एकदा कुणाचं लक्ष नाही असं बघून एका पोराचं टाळकं हुंगून पाहिलं. मला खोबरेल तेलाशिवाय कसलाही वास आला नाही.

मी धाकटी टीचर. उंचीने त्यांच्याहून चांगली वीतभर जास्त, आवाजही माझाच मोठा, तरी धाकटी. ही नावं पोरांनी पाडली आणि आयांनी उचलली. माझं मनीषा हे नाव तिथे फक्त मोठ्या टीचरच घ्यायच्या, तेही काम सांगायचं असलं की. कामांची वाटणीही त्यांनीच केलेली. सोमवारी पोरांची नखं मी कापायची आणि गोष्ट त्यांनी सांगायची. नळावर रांगेत उभं करून हात मी चोळायचे आणि मग त्यांनी ते हात नाकाशी नेऊन "आहाहा, कसा गुलाब फुललाय" म्हणायचं. मग पोरं मला बघून मुठी झाकायची आणि त्यांना बघून पळत सुटायची, यात नवल ते काय?

दुपारी पोरं झोपवणं हा तर माझ्या रागाचा खास विषय. "पोरं झोपवायची म्हंजी आपन आधी झोपायचं," असं म्हणून त्या सतरंजीवर मधोमध आडव्या व्हायच्या आणि खरोखरच घोरायला लागायच्या. त्यांचा एक हात धरायला चार पोरांची मारामारी, ज्यांना तो मिळायचा नाही ती पदराचं टोक धरून झोपायची. मी भिंतीशी जागी. माश्या वारायच्या, कुणाचं पांघरूण सरकलं ते बघायचं, कुणाला शू लागली त्याला उचलून न्यायचं. एवढं करून, पोरांना न्यायला आलेल्या आया दारातूनच म्हणायच्या, "मोठ्या टीचरजवळ कशी शांत झोपत्यात बाई!" मोठ्या टीचर जांभई देत कबूल करायच्या, "व्हय, माज्याजवळ झोपत्यात."

त्यांना नम्रता ठाऊक नव्हती. केसाला जाई, तोंडाला पावडर, आणि स्वतःबद्दल भरभरून बोलायची हौस. पण कुणापुढे वाकणंही ठाऊक नव्हतं. एकदा साखर कारखान्यातल्या एका साहेबांच्या नातवाचा गाल मला सुजल्यासारखा वाटला. मी हळूच टीचरच्या कानात सांगितलं. त्यांनी पोराला फाटकातूनच परत फिरवलं. आजीबाई गाडीतून उतरून तणतणल्या, आमचा नातू कुणाचा आहे ठाऊक आहे का म्हणून. टीचर खुर्चीतून उठल्यासुद्धा नाहीत. "नातू साहेबांचा हाय, पन गालगुंड साहेबाला इचारून येत न्हाई," म्हणाल्या. त्या संध्याकाळी फोनवर आजीबाईंच्या शिव्या मी खाल्ल्या. गालगुंडच निघालं. बालवाडीतल्या दुसऱ्या एकाही पोराला ते झालं नाही, आणि नातू बरा झाल्यावर आजीबाई पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या. तो त्यांनी मोठ्या टीचरच्या हातात दिला. गाल कुणी पाहिला होता, ते टीचरनी सांगितलं नाही. पेढे मात्र मला दोन दिले.

नवं पोर आलं की माझा पुन्हा पराभव ठरलेला. मी खुळखुळा वाजवायची, चेंडू दाखवायची, खिडकीतून शेळी दाखवायची. टीचर म्हणायच्या, "रडू दे की गं त्येला. त्येचं घर सुटलंय. आपलं सुटलं तर आपन न्हाई रडत?" आणि त्या पोरापासून हातभर अंतरावर नुसत्या मटकी निवडत बसायच्या. त्याच्याकडे बघायच्याही नाहीत. रडून रडून दमलं की ते पोर आपणहून सरकत सरकत त्यांच्या मांडीला टेकायचं. माझ्या हातात खुळखुळा तसाच. मी घरी जाऊन नवऱ्याला सांगायची, बाई काहीतरी जादूटोणा करते. तो म्हणायचा, मग तूही शिकून घे. त्याच्यावरही माझा राग निघायचा.

मग त्यांचे गुडघे गेले. नाशिकच्या लेकीने ठरवलं की नाताळ झाला की आईला घेऊन जायचं. पाळकसाहेबांनी मला बोलावून सांगितलं, बालवाडी तुमच्याकडे देऊ, पण पोरं टिकली पाहिजेत, नाहीतर बंदच करावी लागेल. मला हायसं वाटायच्या आत फाटकातली कुजबुज कानावर आली. "मोठ्या टीचर गेल्यावर काय ऱ्हायलं हितं? आपन आपलं पोरगं त्या नव्या प्री-स्कूलात घालू, गाडी दारात येती." मी बाजूलाच नॅपकिन वाळत घालत होते, तरी कुणी आवाज खाली केला नाही. इतकी वर्षं मी त्या जागेची वाट बघत होते, आणि आता जागा मिळणार ती रिकामी.

त्यानंतर मोठ्या टीचर बिघडल्या. दुसरा शब्द मला तेव्हा सुचला नाही. फाटकातली खुर्ची त्यांनी मला दिली आणि आपण आत भिंतीकडे तोंड करून खिचडीचे तांदूळ निवडत बसू लागल्या. पोरं पाठीला येऊन चिकटली की म्हणायच्या, "माजी पाठ दुखती, जा तिकडं." गोष्ट मागितली की, "इसरले मी. धाकट्या टीचरला लई येत्यात." कुणी सदरा पुढे केला की, "माज्या बोटांत जीव न्हाई रं आता, बटन लागंना." दुपारी सतरंजीवर यायचंही त्यांनी सोडलं. ओसरीत बसायच्या. समर्थ नावाचं एक पोर तर त्यांच्या गळ्यात लोंबकळूनच मोठं झालेलं. ते दारात उभं राहून हाका मारायचं. त्या मान वळवायच्या नाहीत.

मला आनंद झाला. लपवून काय करू? माझ्यासमोर बटणांसाठी रांग लागायला लागली. माझी गोष्ट सुरुवातीला कुणाला आवडेना, मग आवडायला लागली. एका दुपारी समर्थने माझा हात धरून झोपायला जागा केली, तेव्हा मी मुद्दाम ओसरीकडे बघितलं. टीचर रस्त्याकडे बघत होत्या. आता कळू दे, असं मी मनात म्हणाले. म्हातारपणी माणसाला पोरांचा कंटाळा येतो, असंही मी चार आयांना सांगितलं. आया म्हणाल्या, "तुमच्याकडं रमलंय की आमचं."

निरोपाच्या दिवशी पाळकसाहेबांनी शाल दिली, प्रार्थना झाली. मोठ्या टीचर निघाल्या तेव्हा पोरं माझ्याभोवती बसून गोष्टीतल्या कोल्ह्याची वाट बघत होती. "टाटा" म्हणून सगळ्यांनी हात हलवले आणि लगेच माझ्याकडे तोंड केलं. कुणी रडलं नाही. त्या थोडा वेळ दारात थांबल्या आणि गेल्या. शाल खुर्चीवरच राहिली.

गोष्ट संपवून, पोरांना पाळकीणबाईंच्या हवाली करून मी शाल घेऊन स्टँडवर गेले. लेक तिकिटाचं विचारायला गेली होती. बाकावर टीचर, आणि शेजारी कुणा अनोळखी बाईचं उघड्या सदऱ्याचं किरकिरं पोर. टीचर बसची वाट बघत होत्या आणि न बघता त्यांची बोटं त्या सदऱ्याची बटणं लावत होती, वरपासून खालपर्यंत, सरसर.

"टीचर," मी म्हणाले, "बोटांत जीव नव्हता ना?"

त्यांनी शाल घेतली, मांडीवर घडी नीट केली. "तिथं न्हवता," म्हणाल्या. "मी लावली असती तर तुज्याकडं कोन आलं असतं?"

त्यांनी पावडर पुसली गेलेला गाल पदराने टिपला. "समर्थला दुपारी उजव्या कुशीवर निजव, डाव्या कुशीवर घाबरतो," एवढं सांगून त्या लेकीचा हात धरून बसमध्ये चढल्या.

नाताळनंतर एकही पोर गेलं नाही, उलट वाढली. सगळी माझीच आहेत, गळ्यात पडतात, पदर ओढतात. कधीतरी मलाही त्या खुर्चीवरून उठावं लागेल. तेव्हा गळ्यातले हात सोडवून, हाका ऐकत, भिंतीकडे तोंड करून मला बसवेल का? नाही बसवणार. मी वळून बघेन. मोठ्या टीचरचा माझ्याइतका हेवा कुणी केला नसेल, आणि तो मी अजून करते.