बारावं नाव

"थांबा! एकानंही पायडलला पाय लावला तर याद राखा! मोजणी झाली न्हाई अजून!"

पहाटे साडेपाचला चर्चच्या अंगणात हा आवाज उठला आणि समोरच्या गल्लीतली तीन कुत्री, एक रिक्षावाला आणि आमचे पाळकसाहेब असे पाच जीव जागच्या जागी थिजले. पाळकसाहेब तर प्रार्थनेसाठी मिटलेले डोळे उघडायचेही विसरले. ओरडणारे होते शांतवनकाका. असं नाव ठेवताना त्यांच्या आईबापांचा अंदाज साफ चुकला असावा. या माणसाने जालन्यात कुणाचं सांत्वन केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. काळजी मात्र घरोघर पोहोचवली.

बत्तीस वर्षं त्यांनी रेल्वेच्या फाटकावर काढली. गाडी परभणीहून सुटली की हे इकडे फाटक पाडत, अशी ख्याती होती. एकदा एक वऱ्हाड तिथे इतकं अडकलं की फाटक उघडेपर्यंत करवलीचंच लग्नाचं वय झालं, असं लोक सांगतात. मी त्यात पदरचं काही घालत नाही. बैलगाडी येवो, आमदाराची गाडी येवो, काकांचं एकच वाक्य असायचं: "आधी थांबा, मंग पाहू." निवृत्त झाल्यावर फाटक सरकारकडे राहिलं आणि हे वाक्य काका घरी घेऊन आले. आता ते नाहीत. पण अजूनही रस्ता ओलांडताना माझा पाय आपोआप मागे येतो.

तर आमच्या मंडळीतल्या बारा जणांनी जालन्याहून कन्याकुमारीपर्यंत सायकलने जायचं ठरवलं होतं. वाटेतल्या चर्चमध्ये मुक्काम, संध्याकाळी तिथल्या लोकांबरोबर गाणी आणि प्रार्थना, सकाळी पुढे. अकरा जण तिशी-चाळिशीतले. बारावे काका, वय अडुसष्ट. वर्षापूर्वी त्यांच्या छातीने एकदा दगा दिला होता. डॉक्टरांनी "थोडी सायकल चालवत जा" म्हटलं, आणि काकांनी थोडी म्हणजे दीड हजार किलोमीटर असा अर्थ लावला.

निघण्याआधी पंधरा दिवस त्यांनी आमचा जीव नकोसा केला. रोज सायकली उलट्या करून तपासायचे. कुणी म्हणालं, "काका, प्रभू सोबत आहे," की लगेच, "हाय ना! मंग काय त्याला टायरात हवा भराय लावता?" मोबाईल उन्हात तापून फुटतो, हे त्यांनी कुठेतरी ऐकलेलं. म्हणून स्वतःचा मोबाईल आणि छातीच्या गोळ्या तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत एकात एक बांधून त्यांनी सामानाच्या टेम्पोत ठेवल्या. टेम्पो आमच्या पुढे जाणार होता. गोळ्या पुढे आणि छाती मागे, हे आम्हा अकरा शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मोजणीची युक्तीही त्यांचीच. नुसते आकडे म्हटले की पोरं मधेच हसतात, दोघं एकच आकडा ओरडतात. म्हणून बारा जणांना बारा प्रेषितांची नावं दिली. प्रकाश पुढे राहणार, तो पेत्र. मी थोमा. तद्दय झालेल्या सुवार्ताला दोन वेण्या होत्या. प्रत्येक थांब्यावर प्रकाशने नावं पुकारायची आणि ज्याने त्याने 'हाजिर' म्हणायचं. सगळं बरोबर जमलं, पण शेवटी यहूदा इस्कर्योत उरला. गुरूला धरून देणाऱ्याचं नाव कन्याकुमारीपर्यंत कोण वागवणार? जो तो चपलेकडे बघायला लागला.

"द्या इकडं," काका म्हणाले. "नाव घेतल्यानं कुणी प्रभूला इकत न्हाई. तसाबी शेवटचा डबा मीच हाय."

त्या पहाटे मोजणी झाली, काका 'हाजिर' म्हणून गरजले आणि पाळकसाहेबांनी डोळे उघडले. निघताना काकांच्या पत्नी मार्थाकाकूंनी माझं हँडल धरलं. त्या मोठ्याने बोलणाऱ्या बाई नव्हेत.

"तुमच्या भरवशावर सोडून राह्यले. एकटं पडू देऊ नका. कळ आली तरी हा माणूस सांगणार न्हाई."

"काकू, सावलीसारखा राहतो मी त्यांच्यामागं," मी म्हणालो. बोलण्यात आपण कधी कमी पडलो नाही.

अंबडपर्यंत मी सावली होतो. तिथे पाणी प्यालो, प्रकाशने नावं पुकारली, पुन्हा निघालो. मग वारा पाठीवर आला, कुणीतरी गाणं धरलं आणि सावली कधी पुढे निघून गेली ते सावलीलाच कळलं नाही.

वडीगोद्रीला हायवेच्या कडेला हॉटेलपाशी टेम्पो उभा होता. प्रकाशने नावं पुकारली. सगळे हाजिर. आम्ही भज्यांवर असे तुटून पडलो की हॉटेलवाल्याने बेसनाचं दुसरं पोतं फोडलं. खाऊन झाल्यावर माझं मागचं चाक बसलेलं दिसलं.

"पंप कुणाकडंय रे?"

"काकांकडं."

"काका कुठंयत?"

मी फोन लावला. रिंग वाजली ती टेम्पोत, गाद्यांच्या खालून.

प्रकाशचा चेहरा उतरला. "मी त्यांचं नावच घेतलं न्हाई," तो म्हणाला. "चारचौघांत, दुकानांसमोर, वडीलधाऱ्या माणसाला यहूदा म्हणून हाक कशी मारायची? जीभच उचलली न्हाई. अंबडलाबी अकराच घेतली."

अंबडला! म्हणजे काका तिथून तरी निघाले होते का, हेसुद्धा कुणाला सांगता येईना. मी ती पिशवी छातीशी धरली, प्रकाशला टेम्पोत कोंबलं आणि आम्ही उलटे फिरलो. वीस किलोमीटरचा तो रस्ता मी आयुष्यात शंभरदा केला असेन. त्या दिवशी त्यावर किती लिंबं आहेत, किती मोऱ्या आहेत, ते मला पहिल्यांदा दिसलं. प्रत्येक लिंबाखाली काका दिसायचे आणि जवळ गेलं की म्हैस निघायची. एके ठिकाणी चार माणसं वाकून खड्ड्यात बघत होती. मी चालत्या टेम्पोतूनच दार उघडलं. पाइप फुटला होता, बस. मार्थाकाकूंना काय सांगायचं त्याची वाक्यं मी मनात जुळवत होतो, आणि पहिल्यांदाच मला एकही वाक्य सापडत नव्हतं.

आठ-नऊ किलोमीटरवर मोसंबीच्या बागेशी ते दिसले. सायकल झाडाला कुलूप लावून उभी. काका बुंध्याला टेकलेले, शर्टाची बटणं उघडी, चेहरा राखेसारखा. शेतातली एक बाई पदराने वारा घालत होती.

आम्हाला पाहून त्यांचे ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"टेम्पो... कडेला घ्या. मागून ट्रक येतेत."

गोळी जिभेखाली गेली. जरा वेळाने रंग परतला. मी जवळजवळ ओरडलोच, "काका, हाक कामून मारली न्हाई?"

"हाक माराया दम लागतो बाबा."

"मंग नुसतं बसून राह्यलात?"

"मोजणीत कळंलच तुम्हाला," काका म्हणाले. "मंग घाबरायचं काय त्याच्यात?"

प्रकाशने तोंड बागेकडे फिरवलं. मी म्हणालो, "हो काका. मोजणीतच कळलं." आजवर हजार थापा मारल्या असतील, पण ही मलाच टोचली.

अंबडला दवाखाना, तिथून गाडीने जालना. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं. मार्थाकाकूंनी सगळ्यांआधी मलाच चहा दिला, आणि ते जास्त लागलं. चौथ्या दिवशी काकांनी पलंगावरून हुकूम सोडला की आम्ही पुढे निघावं, आणि ब्रेक तपासूनच. आम्ही निघालो. पुढे प्रत्येक थांब्यावर प्रकाश बारावं नाव गाव गोळा होईल इतक्या मोठ्याने पुकारायचा, आणि आम्ही अकरा जण ओरडायचो, "जालन्यात!"

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांच्याकडे गेलो. दारातच हुकूम झाला, "पायरी वली हाय. आधी थांबा." थांबलो. बसलो. समुद्राच्या लाटा मी चर्चच्या घंटेएवढ्या उंच करून सांगितल्या. काका ऐकत होते. मग माझी गाडी अडली.

"काका, त्या दिवशी मी खोटं बोललो. मोजणीत काहीच कळलं नव्हतं. पंप पाहिजे होता, म्हणून तुमची आठवण झाली. तुमचं नाव आम्ही घेतलंच नव्हतं. अंबडलाही न्हाई."

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा घातला.

"अंबडलाच ऐकली व्हती मी, अकराच नावं," ते म्हणाले.