मोगरीचं पोट

देवीवरचा माझा राग अजून पुरता गेलेला नाही, हे आधी कबूल करते. खरं तर तो स्वतःवर काढायला हवा, पण देवीवर काढणं सोपं जातं.

आमच्याकडे वरातीची पांढरी घोडी आहे, मोगरी. तलासरीपासून पार घोलवडपर्यंत कितीतरी नवरदेव तिच्या पाठीवरून मांडवात गेले. जेठात तिला घोडा दाखवून आणला, तेव्हा मी डहाणूच्या महालक्ष्मीला नवस बोलले, शिंगरू होऊ दे, तुझी ओटी भरीन. दिवाळीनंतर मोगरीचं पोट सुटायला लागलं आणि मी हुरळून गेले. शिंगराची वाटसुद्धा न पाहता ओटी भरून आले. भेटेल त्या बाईला सांगत सुटले, देवीनं ऐकलं.

दरवर्षीप्रमाणे यजमानांनी जंताचं औषध आणलं. पोटातल्या जिवाला बाधेल म्हणून मी ते मोरीत ओतून टाकलं. डॉक्टरांना एकदा दाखवू या, असं ते म्हणाले, तर नजर लागेल म्हणून त्यालाही आडवी आले. देवीचं नाव मध्ये आणलं की आमच्या घरात कुणी वाद घालत नाही, हे मला चांगलंच ठाऊक होतं. मोगरीच्या फासळ्या दिसू लागल्या, केस राठ झाले, तरी माझं आपलं एकच, सगळं शिंगराला जातंय. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, अशी गत होती.

चैत्रात, जत्रेच्या दिवसांत, यजमान बाहेरगावी गेले होते. सकाळी मोगरी खाली बसली. मान वळवून पोटाकडे बघायची, लोळायची, धडपडत उठायची. मला वाटलं, व्यायची वेळ आधीच आली. मी दिवा लावला, तिच्या कपाळाला अंगारा लावला. तेवढ्यात वीटभट्टीवरची एक बाई तीन गाढवं घेऊन पाणी मागायला दारात आली. भट्टीवरची टाकी त्याच दिवशी आटली होती, एरवी ती या वाटेनं कधी आली नव्हती. तिनं मोगरीची खालची पापणी ओढून पाहिली, आतून पांढरीफटक होती. मग ताजी लीद हातानं फोडली. आत केसासारखे बारीक, लालसर जंत वळवळत होते.

"बाय, ही गाभण न्हाय," ती म्हणाली. "जंतांनी खाल्लीय हिला. माझी दोन गाढवं अशीच गेली."

मी तिला नाही नाही ते बोलले. देवीचं दान आहे, माझ्या दारात अशुभ बोलू नकोस म्हणाले. ती चिडली नाही आणि गेलीही नाही.

"दान आसंल तर डाक्टरला बी दिसंल की," एवढंच म्हणाली.

मी फोन केला. डॉक्टर येईपर्यंत ती भर उन्हात मोगरीला धरून फिरवत राहिली, लोळू दिलं नाही. डॉक्टरांनी तपासलं. शिंगरू नव्हतंच. आणखी उशीर झाला असता तर घोडीही राहिली नसती, असं ते म्हणाले. मी वळून पाहिलं, तर बाई गाढवं घेऊन निघून गेली होती. दोन दिवसांनी भट्टीवर गेले, तेव्हा तिचं बिऱ्हाड हललं होतं.

देवीच आली होती का, असं लोक विचारतात. मला ठाऊक नाही. देवी असेल तर मी तिला शिव्या घातल्या, आणि नुसती बाई असेल तरी घातल्याच.

मोगरी जगली, पण वरातीला तिची ताकद पुरत नाही. पुढच्या चैत्रात मी देवीला गेले. रांगेत ओळखीच्या बायकांनी विचारलं, शिंगरू केवढं झालं? जन्मतःच गेलं, हे खोटं अगदी जिभेवर आलं होतं.

"शिंगरू नव्हतंच," मी म्हणाले. "पोटात जंत होते. औषध मीच देऊ दिलं नाही."

रांग पुढे सरकली. देवीपुढे उभी राहिले तर मागायला काही सुचेना. घोडी चार पायांवर उभी आहे, तेवढ्यासाठी देवीचे उपकार मानले. आजवर मला काय हवं तेच तिला सांगत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा मी काय केलं ते सांगितलं, आणि आता तुझं तू बघ म्हणून पायऱ्या उतरले.